कबुलीजबाब आणि इन्साफ
(संस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संस्थेने मला बोलायला विषय दिला तो ‘मानवी हक्कांचा कायदा आणि दहशतवादाविरुद्ध सरकारने योजलेले उपाय’ असा. विषयाचा आवाका मोठा आहे. एका तासात सगळेच सांगायला गेलो तर काहीच नीट सांगून होणार नाही. म्हणून या विषयातला एकच प्रश्न मी आज निवडला आहे. आरोपीने पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब न्यायालयात पुरावा म्हणून वापरावा की वापरू नये, हा तो प्रश्न. वरवर पाहता हा वकिलांच्या खोलीतला प्रश्न वाटतो. पण गेल्या चाळीस वर्षांत आपल्या देशात किती माणसे तुरुंगात गेली, किती वर्षे राहिली आणि किती खरे गुन्हेगार मोकळे राहिले, याचा बराचसा हिशेब या एका प्रश्नापाशी येऊन थांबतो.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. दहशतवादापासून प्रजेचे रक्षण करणे हे सरकारचे कर्तव्य आहे, आणि तेही मानवी हक्कांच्या कायद्यातूनच येते. जगण्याचा हक्क हा सर्व हक्कांचा पाया. १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत २५७ माणसे मारली गेली. ११ जुलै २००६ रोजी पश्चिम रेल्वेच्या लोकल गाड्यांत सात स्फोट झाले, १८० हून अधिक माणसे गेली आणि आठशेवर जखमी झाली. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात १६६ जणांचा बळी गेला. या मृतांत सर्व धर्मांची माणसे होती. त्यांच्या बायकामुलांना, आईबापांना न्याय मागण्याचा हक्क आहे, आणि तो न्याय म्हणजे ज्याने हे केले त्यालाच पकडून शिक्षा होणे. कोणालातरी धरून फाईल बंद करणे याला न्याय म्हणता येत नाही. माझ्या आजच्या सगळ्या बोलण्याचा रोख याच मुद्द्याकडे आहे.

आता कायद्याकडे वळू. १० डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. त्याचा मसुदा करणाऱ्या आयोगावर भारतातर्फे हंसा मेहता होत्या. पहिल्या कलमातील ‘सर्व पुरुष’ असाही अर्थ निघू शकणारा शब्द जाऊन तेथे ‘सर्व मानव’ असा शब्द आला, तो त्यांच्या आग्रहामुळे. जाहीरनामा म्हणजे करार नव्हे. करार पुढे १९६६ साली झाला. नागरी व राजकीय हक्कांच्या त्या आंतरराष्ट्रीय करारात भारत एप्रिल १९७९ मध्ये सामील झाला. या कराराचे चौथे कलम आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. राष्ट्राच्या अस्तित्वावरच संकट आले आणि तसे अधिकृतपणे घोषित झाले, तर सरकारला काही हक्कांना मुरड घालता येते, असे ते सांगते. मात्र ती मुरड संकटाला आवश्यक तेवढीच असावी, आणि ती केवळ वंश, धर्म, भाषा अशा कारणाने माणसामाणसांत भेद करणारी नसावी. काही हक्क तर असे आहेत की त्यांना युद्धातही हात लावता येत नाही. छळापासून संरक्षण हा त्यातलाच एक. चौदाव्या कलमात आणखी स्पष्ट लिहिले आहे की कोणाही आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची किंवा गुन्हा कबूल करण्याची सक्ती करता येणार नाही.

आपल्या राज्यघटनेने हीच गोष्ट त्याआधी सोळा वर्षे सांगून ठेवली होती. अनुच्छेद २० चा तिसरा खंड म्हणतो की आरोपीवर स्वतःविरुद्ध साक्षीदार होण्याची सक्ती करता येणार नाही. अनुच्छेद २१ जीविताचे व व्यक्तिस्वातंत्र्याचे रक्षण करतो. अनुच्छेद २२ नुसार अटकेची कारणे सांगावी लागतात, वकिलाचा सल्ला घेऊ द्यावा लागतो आणि चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे लागते. आणीबाणीच्या काळात, २८ एप्रिल १९७६ रोजी, जबलपूर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाचांपैकी चार न्यायमूर्तींनी असा निर्णय दिला की स्थानबद्ध माणसाला आपली सुटका मागण्यासाठी न्यायालयाचे दारच उघडे नाही. एकट्या न्यायमूर्ती एच. आर. खन्ना यांनी विरोधी मत नोंदविले. त्या अनुभवातून शहाणे होऊन संसदेने १९७८ साली ४४ वी घटनादुरुस्ती केली. तेव्हापासून आणीबाणीतही अनुच्छेद २० आणि २१ स्थगित करता येत नाहीत. जबलपूरचा तो निर्णय चुकीचा होता असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली स्वतःच जाहीर केले.

कबुलीजबाबाचा नियम मात्र घटनेपेक्षाही जुना आहे. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याच्या २५ व्या कलमात एक साधे वाक्य होते: पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध शाबीत करता येणार नाही. पुढचे कलम सांगते की पोलिसांच्या ताब्यात असताना दिलेली कबुलीही चालणार नाही, ती प्रत्यक्ष दंडाधिकाऱ्यासमोर दिलेली असली तरच चालेल. त्यानंतरच्या कलमात एवढीच सूट आहे की आरोपीच्या सांगण्यावरून एखादी वस्तू सापडली, तर त्या वस्तूशी संबंधित तेवढाच भाग पुराव्यात घेता येतो. १ जुलै २०२४ पासून पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. त्यातही हा नियम २३ व्या कलमात कायम राहिला.

इंग्रज सरकारने हा नियम का केला असेल? हिंदी माणसाच्या हक्कांचा त्यांना फार कळवळा होता, असे समजण्याचे कारण नाही. मद्रास इलाख्यात नेमलेल्या एका चौकशी आयोगाने १८५५ साली लिहून ठेवले होते की महसूल खात्याचे आणि पोलिसांचे नोकर रयतेचा सर्रास छळ करतात. छळ करून घेतलेली कबुली खरी की खोटी हे कळायला मार्ग नसतो. वेदना थांबाव्यात म्हणून माणूस समोरच्याला हवे ते बोलतो. न केलेला खून कबूल करतो, न पाहिलेल्या माणसाचे नाव घेतो. राज्य चालविणाऱ्याला खरी माहिती हवी असते, आणि या मार्गाने ती मिळत नाही. दुसरेही एक कारण होते. कबुली मिळाली की तपास थांबतो. पुरावे हुडकायला कष्ट पडतात, पायपीट करावी लागते, साक्षीदार शोधावे लागतात. कोठडीतला माणूस मात्र हाताशी असतो. कायद्याने हा सोपा रस्ता बंद केला, तो पोलिसांनी अवघड रस्त्याने जावे म्हणून.

एकशे पंधरा वर्षांनी हा रस्ता पुन्हा उघडला. पंजाबातील दहशतवादाच्या काळात, १९८५ साली टाडा कायदा आला. १९८७ च्या सुधारित कायद्याच्या १५ व्या कलमाने पोलीस अधीक्षक व त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून ग्राह्य ठरविला. या कलमाला आव्हान देण्यात आले. मार्च १९९४ मध्ये कर्तारसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते तीन विरुद्ध दोन मतांनी वैध ठरविले. न्यायमूर्ती के. रामस्वामी आणि न्यायमूर्ती आर. एम. सहाय यांनी हे कलम घटनेत बसत नाही असे मत दिले. बहुमतानेही पोलिसांवर काही बंधने घातली. कबुलीजबाब मोकळ्या वातावरणात आणि आरोपीच्या भाषेत घ्यावा, त्याला विनाविलंब दंडाधिकाऱ्यापुढे न्यावे, छळाची तक्रार असेल तर वैद्यकीय तपासणी करावी. पुढे राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने टाडाची मुदत वाढवू नये अशी विनंती खासदारांना केली आणि मे १९९५ मध्ये तो कायदा संपला.

कायदा संपला, तरतूद मात्र संपली नाही. १९९९ साली महाराष्ट्राने संघटित गुन्हेगारीविरुद्ध मोक्का कायदा केला. तो मुंबईतील टोळ्यांसाठी होता. त्याच्या १८ व्या कलमात पोलीस अधीक्षक किंवा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्यापुढील कबुलीजबाब पुन्हा ग्राह्य झाला, आणि तो सहआरोपीविरुद्धही वापरता येऊ लागला. २००२ साली संसदेच्या संयुक्त बैठकीत पोटा कायदा मंजूर झाला. त्यातही पोलिसांपुढील कबुलीची तरतूद होती, आणि तिला आरोपीला ४८ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे नेण्याची अट जोडली होती. २००४ साली पोटा रद्द झाला. त्यातील बऱ्याच गोष्टी १९६७ च्या बेकायदा कारवाया प्रतिबंधक कायद्यात, ज्याला आपण यूएपीए म्हणतो त्यात, घालण्यात आल्या. पोलिसांपुढील कबुलीची तरतूद मात्र संसदेने त्यात आणली नाही. २६/११ नंतर डिसेंबर २००८ मध्ये तो कायदा आणखी कडक केला, तेव्हाही आणली नाही. मोक्का आणि त्या धर्तीवरच्या इतर राज्यांच्या कायद्यांत ती राहिली.

आता या तरतुदीने काय साधले ते तीन खटल्यांवरून पाहू.

पहिला अक्षरधामचा. सप्टेंबर २००२ मध्ये गांधीनगरच्या अक्षरधाम मंदिरावर हल्ला होऊन तीसहून अधिक माणसे मारली गेली. पोटाखाली सहा जणांवर खटला झाला. २००६ साली विशेष न्यायालयाने सहाही जणांना दोषी ठरविले, त्यांपैकी तिघांना फाशी सुनावली. २०१० साली उच्च न्यायालयाने ते कायम केले. १६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले. सारा डोलारा पोलिसांपुढील कबुलीजबाबांवर उभा होता, आणि ते स्वेच्छेने दिलेले आहेत हे शाबीत झाले नाही. कायद्याने घातलेली दंडाधिकाऱ्याची पायरी म्हणजे केवळ उपचार ठरला होता.

दुसरा मालेगावचा. ८ सप्टेंबर २००६ रोजी, शब-ए-बारातच्या शुक्रवारी, मालेगावच्या बडा कब्रस्तानाजवळ नमाजाला आलेल्या लोकांत स्फोट झाले. मेलेल्यांत बहुसंख्य मुसलमान होते. मोक्काखाली नऊ मुसलमान तरुणांना आरोपी करण्यात आले. पुढे तपास राष्ट्रीय तपास यंत्रणेकडे गेला. तिला या नऊ जणांविरुद्ध पुरावा आढळला नाही आणि तिने वेगळ्याच लोकांविरुद्ध आरोपपत्र दाखल केले. नऊ जणांना पाच वर्षांनी, नोव्हेंबर २०११ मध्ये, जामीन मिळाला आणि २५ एप्रिल २०१६ रोजी न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले. तोवर त्यांतला एक जण हयात नव्हता.

तिसरा खटला ११ जुलै २००६ च्या लोकल गाड्यांचा. मालेगावच्या आरोपींपैकी दोघे याही खटल्यात होते. २०१५ साली मोक्का न्यायालयाने बारा जणांना दोषी ठरवून पाच जणांना फाशी व सात जणांना जन्मठेप दिली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष ठरविले. त्यांतला एक चार वर्षांपूर्वीच तुरुंगवासात मरण पावला होता. उच्च न्यायालयाने काय पाहिले? निरनिराळ्या आरोपींच्या कबुलीजबाबांतील काही मजकूर शब्दशः सारखा होता. छळ झाल्याच्या तक्रारीला वैद्यकीय कागदपत्रांचा आधार मिळत होता. मोक्कानेच घातलेल्या अटी पाळल्या गेल्या नव्हत्या. ओळख परेड घेणाऱ्या अधिकाऱ्याला ती घेण्याचा अधिकारच उरला नव्हता. टॅक्सीवाले शंभरावर दिवस गप्प राहून मग बोलले होते. बॉम्ब कोणत्या प्रकारचा होता हेदेखील सरकार पक्षाला शाबीत करता आले नव्हते. २४ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्य सरकारच्या अपिलात असा आदेश दिला की हा निकाल मोक्काच्या इतर खटल्यांत दाखला म्हणून धरू नये. मात्र सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठविण्यास सांगितले नाही.

या निकालाच्या आरंभी उच्च न्यायालयाने जे म्हटले त्याचा आशय मला फार मोलाचा वाटतो. खऱ्या गुन्हेगाराला शिक्षा होणे आवश्यक आहे. पण गुन्हा उलगडल्याचा खोटा देखावा उभा केला तर लोकांना फसवे समाधान मिळते आणि खरा धोका मोकळाच राहतो. मित्रहो, त्या गाड्यांत ज्यांची माणसे गेली त्यांचा विचार करा. एकोणीस वर्षांनी न्यायालय त्यांना सांगते की ज्यांना तुम्ही मारेकरी समजत होता त्यांच्याविरुद्ध पुरावा नाही. मग मारेकरी कोण? निष्पाप माणसाची एकोणीस वर्षे जातात तेव्हा मृताच्या घरच्यांचीही एकोणीस वर्षे जातात. आरोपीचे हक्क आणि पीडिताचे हक्क ही दोन परस्परविरोधी पारडी आहेत, असे आपल्याला नेहमी सांगितले जाते. या खटल्यात दोन्ही पारडी एकदमच खाली गेली.

यावर प्रामाणिक आक्षेप घेतले जातात, आणि त्यांना प्रामाणिक उत्तर दिले पाहिजे. पहिला आक्षेप असा, की दहशतवादी हा साधा चोर नव्हे. त्याच्याविरुद्ध साक्ष द्यायला कोणी पुढे येत नाही, कट गुप्त असतो, धागेदोरे सीमेपार असतात, म्हणून कबुलीशिवाय खटलाच उभा राहत नाही. दाखल्यासाठी १९९३ च्या बॉम्बस्फोटांचा खटला दाखविता येईल. तेथे टाडाखालील कबुलीजबाब सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१३ मध्ये ग्राह्य धरले, हे खरे आहे. पण त्या खटल्यात माफीचा साक्षीदार होता, जप्त केलेली स्फोटके आणि शस्त्रे होती, प्रवासाची कागदपत्रे होती. कबुलीला जोड होती. जेथे अशी जोड नव्हती तेथे काय झाले ते आपण आताच पाहिले.

या आक्षेपाचे खरे उत्तर मात्र २६/११ च्या खटल्यात आहे. सहायक पोलीस उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी गिरगाव चौपाटीवर अंगावर गोळ्या झेलून अजमल कसाबला जिवंत पकडू दिले. त्याच्यावरचा खटला पोलिसांपुढच्या कबुलीवर चालला नाही. त्याने कबुली दिली ती फेब्रुवारी २००९ मध्ये दंडाधिकाऱ्यापुढे. दंडाधिकाऱ्यांनी त्याला बजावले की कबुली देण्यास तू बांधील नाहीस, दिलीस तर ती तुझ्याविरुद्ध वापरली जाईल. विचार करायला त्याला वेळ दिला, पुन्हा विचारले आणि मगच लिहून घेतले. त्याच्या जोडीला स्थानकावरच्या कॅमेऱ्यांतील चित्रे होती, जीव धोक्यात घालून फोटो काढणाऱ्या छायाचित्रकारांच्या साक्षी होत्या, जखमींच्या साक्षी होत्या, दूरध्वनीवरील संभाषणे होती. त्याला सरकारी खर्चाने वकील दिला. मे २०१० मध्ये विशेष न्यायालयाने, फेब्रुवारी २०११ मध्ये उच्च न्यायालयाने आणि २९ ऑगस्ट २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याला दोषी ठरविले. तीन पायऱ्यांवर निकाल टिकला. त्याच खटल्यातील दोन भारतीय मुसलमान आरोपींविरुद्धचा पुरावा विश्वासार्ह नाही म्हणून त्यांना विशेष न्यायालयाने सोडले, आणि तो निर्णयही वरपर्यंत टिकला. देशावरच्या सर्वांत उघड हल्ल्याचा खटला आपण १८७२ च्या जुन्या नियमाने चालविला, पावणेचार वर्षांत संपविला आणि जगापुढे ताठ मानेने उभे राहिलो. ज्या खटल्यांत सोपा रस्ता घेतला त्यांचे निकाल मात्र वरच्या न्यायालयात टिकले नाहीत. याहून बोलका पुरावा कोणता हवा?

ही केवळ आपल्याच देशाची गोष्ट आहे असे समजू नका. २१ नोव्हेंबर १९७४ रोजी इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम शहरातील दोन पबमध्ये स्फोट होऊन २१ माणसे मेली. आठवड्याभरात तेथील पार्लमेंटने दहशतवादविरोधी कायदा केला. सहा आयरिश माणसांना पकडले. त्यांतल्या चौघांनी पोलिसांपुढे कबुलीजबाब दिले आणि मारहाणीची तक्रार केली. १९७५ मध्ये सहाही जणांना जन्मठेप झाली. १४ मार्च १९९१ रोजी, सोळा वर्षांनंतर, अपील न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. त्या एकवीस मृत्यूंसाठी त्यानंतर कोणालाही शिक्षा झाली नाही. त्या काळी इंग्लंडमध्ये आयरिश बोलीत बोलणाऱ्या प्रत्येक माणसाकडे संशयाने पाहिले जाई. तेथे धर्म वेगळा होता, भाषा वेगळी होती, पण घडले तेच. भीतीच्या दिवसांत सरकारला निकाल हवा असतो, लोकांना चेहरा हवा असतो, आणि तो चेहरा संशयित समाजातून सहज मिळतो. १९८४ च्या छळविरोधी आंतरराष्ट्रीय कराराने म्हणूनच असे बंधन घातले की छळ करून घेतलेले निवेदन कोणत्याही खटल्यात पुरावा म्हणून वापरू नये. भारताने त्या करारावर ऑक्टोबर १९९७ मध्ये सही केली. अनुमोदन मात्र वर्षानुवर्षे रखडले.

येथे तुम्हाला थोडे कडू वाटेल असे एक बोलणे भाग आहे. २९ सप्टेंबर २००८ रोजी मालेगावात पुन्हा स्फोट होऊन सहा जण मेले. त्या खटल्यातले आरोपी हिंदू होते. तेथेही पोलिसांनी मोक्काखाली कबुलीजबाब घेतले होते. पुढे मोक्का वगळला गेला, तेव्हा ते कबुलीजबाब निरुपयोगी झाले, आणि ३१ जुलै २०२५ रोजी विशेष न्यायालयाने पुराव्याअभावी सातही जणांना सोडले. म्हणजे दहा दिवसांच्या अंतराने मुंबईत दोन निकाल लागले. पहिल्या निकालाने ज्यांना आनंद झाला त्यांतल्या अनेकांना दुसऱ्याने दुःख झाले, आणि पहिल्याने ज्यांना संताप आला त्यांनी दुसऱ्या दिवशी पेढे वाटले. कायद्याकडे असे बघून चालणार नाही. पोलिसांपुढची कबुली अविश्वसनीय असेल तर ती प्रत्येकाच्या बाबतीत अविश्वसनीय आहे. मालेगावच्या मृतांना न्याय मिळाला नाही याचे दुःख आपण जरूर करावे, तपास पुन्हा व्हावा अशी मागणी करावी. पण आपल्याला नकोशा वाटणाऱ्या आरोपीसाठी नियम सैल करावा असे कधीही म्हणू नये. जो हक्क आपण दुसऱ्यासाठी मागत नाही तो आपल्या वेळी आपल्याला मागता येत नाही.

दुसरा आक्षेप असा, की निर्दोष सुटले ना शेवटी, मग व्यवस्था चांगलीच आहे. याला उत्तर काळ देतो. यूएपीएच्या ४३-ड कलमाखाली आरोपपत्रासाठी १८० दिवस मिळू शकतात, आणि आरोप सकृद्दर्शनी खरा वाटला तर न्यायालयाला जामीन देता येत नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये नजीब खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की खटला लवकर संपण्याची चिन्हे नसतील तर अनुच्छेद २१ च्या आधारे जामीन देता येतो. हा दिलासा आहे, पण तो मिळेपर्यंत वर्षे जातात. त्या वर्षांत मुलांचे शिक्षण सुटते, मुलींची स्थळे मोडतात, दुकान बंद पडते, आईबाप जातात. विधी आयोगाने ऑगस्ट २०१८ मध्ये आपल्या २७७ व्या अहवालात अशा चुकीच्या खटल्यांत भरपाई देणारा कायदा करावा अशी शिफारस केली. पुढची अनेक वर्षे ती कागदावरच राहिली.

मग आपण काय करावे? ही शिक्षणसंस्था आहे, म्हणून व्यवहाराच्या चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट, कायदा पाठ करा. डिसेंबर १९९६ मध्ये डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अटकेबाबत अकरा सूचना दिल्या. अटक करणाऱ्या पोलिसाच्या अंगावर नावाची पट्टी हवी. अटकेचा कागद तेथल्या तेथे व्हावा, त्यावर तारीख, वेळ आणि घरच्या किंवा मोहल्ल्यातील प्रतिष्ठित माणसाची साक्षीची सही हवी. नातेवाइकाला कळविले पाहिजे. कोठडीत दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की यूएपीएखालच्या अटकेतही अटकेची कारणे लेखी द्यावी लागतात. आणि दंडाधिकाऱ्यापुढे उभे केल्यावर, मारहाण झाली असेल तर, त्याच वेळी, त्याच ठिकाणी सांगावे. नंतर सांगितलेली गोष्ट न्यायालयाला ‘मागाहून सुचलेली’ वाटते. वकील परवडत नसेल तर तालुक्याच्या व जिल्ह्याच्या विधी सेवा कार्यालयातून तो मोफत मिळतो. १५१०० हा त्यांचा दूरध्वनी क्रमांक आहे.

दुसरी गोष्ट, साक्षीला पुढे या. पोलिसांना पुरावा हवा आहे असे आपण म्हणायचे आणि आपल्या डोळ्यांदेखत घडलेले सांगायला मात्र कचरायचे, हे योग्य नव्हे. साक्षीदारांच्या संरक्षणाची योजना सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये मंजूर केली आहे. कोणी तरुण वाईट संगतीत ओढला जात असेल तर त्याला वेळेवर आवरणे हे घरच्यांचे आणि शिक्षकांचे काम आहे. गुन्हेगाराला पाठीशी घालणे ही समाजाची सेवा होत नाही.

तिसरी गोष्ट, संतापाच्या भरात सगळी न्यायालये आणि सगळे पोलीस एका मापाने मोजू नका. ज्या न्यायमूर्तींनी हे निकाल दिले ते याच व्यवस्थेतले. ज्या वकिलांनी वर्षानुवर्षे हे खटले चालविले त्यांत सर्व धर्मांचे लोक होते. ओंबळे याच पोलीस दलातले होते.

चौथी गोष्ट विद्यार्थ्यांसाठी. लोकल गाड्यांच्या खटल्यात २०१५ साली निर्दोष सुटलेला एकमेव आरोपी पेशाने शिक्षक होता. त्याने तुरुंगात राहून कायद्याची पदवी मिळविली. तुम्हाला त्यासाठी तुरुंगात जाण्याची गरज नाही, येथे ग्रंथालय आहे आणि शिक्षक आहेत. तुमच्यातले प्रत्येक वर्षी दोघे-चौघे तरी कायद्याच्या महाविद्यालयात जावोत. कोणी न्यायवैद्यक शास्त्र शिको, कोणी न्यायाधीशाच्या परीक्षेला बसो, कोणी पोलीस दलात अधिकारी होवो. पुरावा गोळा करणारा हात कुशल असला तर कबुलीसाठी कोणाचा हात पिरगळावा लागत नाही. आणि मुलींनाही हे सांगतो, कारण तुरुंगाच्या दारात आणि वकिलाच्या कचेरीत वर्षानुवर्षे हेलपाटे घालणाऱ्यांत आया, बायका आणि बहिणीच अधिक असतात. त्यांच्या वतीने बोलणारी वकील त्यांच्यातलीच असली तर बरे.

विश्वस्तांना एक सूचना करून संपवितो. संस्थेने दर महिन्याला एक कायदा-वर्ग सुरू करावा. पहिल्या दिवशी अनुच्छेद २०, २१ आणि २२ मराठीत व उर्दूत वाचून दाखवावेत, आणि त्या वर्गाला पालकांनाही बोलवावे. त्यासाठी मी माझा एक रविवार द्यायला तयार आहे.